ताऱ्यासाठी गाळलेलं तेल

लोकांचे वडील गावाकडच्या घराची नाहीतर चारधामची स्वप्नं बघतात. आमच्या बाबांना एक तारा फुटायला हवा होता, आणि तो फुटेल तेव्हा जमिनीखाली कुठेतरी त्यांनी स्वतः गाळलेलं तेल असायला हवं होतं. बस्. याच्यापलीकडे त्या माणसानं आयुष्यात काही मागितलं नाही, आणि हेही त्याला मिळालं नाही. सांगायला बसलेच आहे तर आधीच सांगून टाकते. शेवटी काहीतरी गोड निघेल या आशेवर कोणी ताटकळत बसू नये.

आम्ही अंबरनाथला राहायचो, पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बाबा मोरिवलीच्या बाजूला एका कारखान्यात केमिस्ट होते. कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं तिथे बनायची. मालक उल्हासनगरचे एक सिंधी शेठ. वालधुनी नदी तेव्हा रोज वेगळ्या रंगाची वाहायची, आज लाल, उद्या निळी, आणि त्याचं आम्हाला काही वाटायचंही नाही. बाबांच्या नखांच्या कडा कायम जांभळ्या. ती जांभळी बोटं वरणभातात बुडाली की मला लहानपणी शिसारी यायची. खोटं कशाला बोलू?

पण हा माणूस मुळात कारखान्यातला नव्हता. एम.एस्सी. झाल्यावर त्यांनी अणूच्या गाभ्यावर संशोधन सुरू केलं होतं. मग आजोबा गेले, मागे धाकटी भावंडं, आणि संशोधनानं काही चूल पेटत नाही. ते अंबरनाथला आले ते आलेच. घरात त्याबद्दल कधी रड नव्हती. फक्त कपाटाच्या वरच्या खणात जुनी पुस्तकं होती आणि त्यांना आईनंसुद्धा फडक्यानं पुसायचं नाही, असा दंडक होता. बाबा स्वतः पुसायचे.

सत्त्याऐंशी साली एक तारा फुटला. मी तेव्हा उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होते. पेपरात बातमी आली की दक्षिणेच्या आकाशात एक तारा फुटलेला दिसतोय. आपल्याकडून तो दिसण्यातला नव्हताच. पण बाबांना त्या उजेडाचं काही पडलंच नव्हतं. पुढे कळलं की उजेड दिसण्याच्या आधीच त्या ताऱ्यातून निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण पृथ्वीतून आरपार निघून गेले होते, आणि जगात तीन ठिकाणी जमिनीखालच्या टाक्यांमध्ये त्यांतले मोजके सापडले होते. सगळे मिळून दोन डझनांच्या आसपास. आपल्याकडे तेव्हा दुपार होती.

"म्हणजे आपण जेवून लवंडलो होतो तेव्हा?" आईनं विचारलं.

"तू लवंडली होतीस. मी प्लांटवर होतो," बाबा म्हणाले. "पण गेले ते दोघांच्याही अंगातून. अब्जावधी. कळलंसुद्धा नाही."

"अगंबाई!" म्हणून आईनं पदर सावरला. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्या दिवसांत ते जेवताना सारखं तेच बोलायचे. मडकं विकत घेताना आपण बोटाच्या पेरानं टकटक करतो, आवाजावरून कळतं की भाजलंय कसं, चीर आहे का. न्यूट्रिनो म्हणजे तसं पेर, ते म्हणायचे. अणूच्या गाभ्यावर बाकी कशानंही ठोकलं तर विजेचा धक्का जास्त, गोंधळ जास्त. न्यूट्रिनो क्वचितच आदळतो, पण आदळला तर फार हलका, फार वेगळा धक्का देतो. तेलात कार्बन असतो. कार्बनच्या गाभ्याला तो धक्का बसला की गाभा थरथरतो आणि शांत होताना ठरावीक ताकदीचा किरण सोडतो. अशा किती ठिणग्या पडल्या ते मोजलं, तर गाभा आतून कसा बांधलाय हे समजतं. फक्त दोन डझनांनी भागत नाही. तारा जवळचा हवा आणि तेल भरपूर हवं.

"आणि तारा फुटायला हवा," मी म्हटलं. "म्हणजे मरायलाच हवा."

"तो त्याच्या वेळेनं मरेलच," बाबा म्हणाले. "आपण फक्त तयार असायचं."

पुढच्या वर्षी बाबांचे एक जुने मित्र घरी आले. संशोधन सुरू केलं तेव्हाचे सोबती, आता मुंबईतल्या एका संस्थेत मोठ्या हुद्द्यावर. दक्षिणेतल्या एका खोल खाणीत तेलाची टाकी बसवायचा त्यांचा विचार चालला होता. तेल बाहेरून आणायचं की इथे शुद्ध करून बघायचं, असा वाद होता. ते म्हणाले, "एक चाचणीपुरता घाणा तू काढून बघ. जमलं तर तुझंच तेल खाली जाईल."

बाबा उठून आत गेले. मला वाटलं पाणी प्यायला गेले. जरा वेळानं मी बघायला गेले, तर ते स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे होते आणि आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

शेठना यात काही फायदा दिसत नव्हता, पण बाबांवर त्यांचा जीव होता. "साहब, तेल में तारा दिखेगा?" एवढंच त्यांनी विचारलं. बाबा "हो" म्हणाले. "तो बनाओ, साईं," म्हणून त्यांनी शेडचा एक कोपरा देऊन टाकला.

मग सहा-सात महिने बाबांनी आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. तेल असं हवं की कित्येक मीटर लांबून त्याच्यातून बघितलं तरी मध्ये काही आहे असं वाटू नये. कारण ठिणगी पडते ती फिकी निळी, आणि टाकीच्या भिंतीवर बसवलेल्या काचेच्या डोळ्यांपर्यंत ती पोचली पाहिजे. वाटेत कणभर मळ असला तर उजेड तिथेच मरतो. त्यांनी स्टीलचं नवं भांडं घडवून घेतलं, माझ्या उंचीचं. कोपऱ्यात तंबाखू बंद, उघड्या हातानं शिवणं बंद. भांडं धुतलं की झाकण लावायचं आणि मग कोणीही, अगदी बाबांनी स्वतःही, ते पुन्हा उघडून आत डोकावायचं नाही. डोकावलं की धूळ जाते. हा त्यांचाच नियम होता आणि तो त्यांनी पाळला.

तेल तयार झालं. काचेच्या मोठ्या बरण्यांमध्ये ते नुसतं पाण्यासारखं दिसायचं. भांडं धुऊन, वाळवून, बंद करून ठेवलं होतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यात तेल भरायचं ठरलं.

आणि आदल्या दिवशी आली खंडेनवमी. आमच्याकडच्या कारखान्यांत तो दिवस कसा असतो हे वेगळं सांगायला नको. यंत्रं धुवायची, झेंडूच्या माळा घालायच्या, प्रत्येकाला हळदीकुंकवाची बोटं ओढायची, नारळ फोडायचा. एकही यंत्र पूजेवाचून ठेवत नाहीत, ठेवलं तर कामगार त्याला हात लावायला कुरकुर करतात. कामगार बाबांना म्हणाले, "साहेब, एवढं नवं भांडं आणि तेच कोरडं ठेवायचं?" बाबांनी बराच विचार केला. बाहेरून लावू आणि लगेच पुसून घेऊ, असं ठरलं. मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, घरी येऊन आईला म्हणाले, "यंदा तू ये. माझ्या भांड्याला तू हळद लाव."

इतक्या वर्षांत त्यांनी आईला कारखान्यात नेलं नव्हतं. तिथली हवा घरच्यांना नको, म्हणायचे. आई मोरपिशी साडी नेसून, नथ घालून गेली. मीही गेले, आणि मला तिथे पेढे वाटायला लावलं. आईनं भांड्याला ओवाळलं, पाच बोटं ओढली. बाबा हात जोडून उभे होते. एवढे देवभोळे ते कधीच नव्हते, पण त्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी पाहिलं. मग शेठ आले म्हणून बाबा त्यांना घेऊन नारळ फोडायला बाहेर गेले. सगळे तिकडे वळले.

दसऱ्याला तेल भांड्यात भरलं, आणि हिवाळ्यात त्याचा नमुना मुंबईला तपासणीला गेला. मित्र स्वतःच आले निकाल घेऊन. सोबत तेलाची बाटली होती. नुसती बघितली तर स्वच्छ. त्यांनी पांढऱ्या कागदावर उभी धरली आणि वरून बघायला सांगितलं. तळाशी अगदी पुसट पिवळी झाक होती.

"निळा उजेड हातभरसुद्धा जात नाही यातून," ते म्हणाले. "कुठून आलं हे?"

बाबांनी बाटली उचलून खिडकीशी धरली. बरण्यांमधलं तेल त्यांनी स्वतः तपासलं होतं. ते पुन्हा गाळून देतो म्हणाले, एक महिना द्या म्हणाले. मित्र खाली बघत होते. वरच्यांनी आता तेल बाहेरून आणायचं ठरवलंय, आपल्या हातात काही नाही, असं म्हणून ते चहा न घेता गेले. पुढे ते बाहेरचं तेलही आलं नाही आणि ती टाकीही कधी झाली नाही, पण ते आम्हाला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी बाबा डबा घरीच विसरून गेले, म्हणून मी तो घेऊन कारखान्यात गेले. भांडं रिकामं केलेलं होतं. बाबा त्याच्या खालच्या नळाशी उकिडवे बसले होते आणि त्यांच्या तळहातावर तांदळाचे दाणे होते. हळदीच्या अक्षता. बहुतेक रंग उतरून गेला होता, पण कडेला कुठेकुठे पिवळा राहिलाच होता.

बाजूला उभा असलेला कामगार रडवेला झाला होता. "बाईसाहेबांनी सांगितलं म्हणून वरचं छोटं झाकण उघडलं, साहेब. नवं भांडं रिकामं ठेवू नये म्हणाल्या."

तेवढंच. आईच्या माहेरच्या बायका, आईची आई, सगळ्या अशाच. नवा हंडा आला, घाला चिमूटभर दाणे. लेकीला डबा दिला, रिकामा देऊ नये. त्यात सांगण्यासारखं तिला काही वाटलंच नसणार. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! हळदीचा पिवळा रंग नेमका तो निळा उजेड गिळतो. साखर पडली असती, नुसते कोरे तांदूळ पडले असते, तर कदाचित इतकं नुकसान झालं नसतं. मला आईचा असा संताप आला की बस्. मी म्हटलं, "घरी जाऊन सांगते तिला, काय करून ठेवलंय ते!"

बाबांनी मूठ मिटली. "सांगायचं नाही," ते म्हणाले. "तुला माझी शपथ आहे. मीच बोलावलं होतं तिला."

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा आई दारातच उभी होती. "काय म्हणतात हो तुमचे मित्र? काल न बोलताच गेले."

"पसंत पडलं," बाबा म्हणाले. "नेणार खाली."

आईनं देवापुढे साखर ठेवली. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

तेल शेठनी एका रंगवाल्याला देऊन टाकलं. "तारा ना सही, दीवार सही," म्हणाले. टोमणा नव्हता तो. माणूस खरंच हळहळला होता. पण बाबा त्या दिवसापासून शेडच्या त्या कोपऱ्याकडे फिरकले नाहीत. पुस्तकं पुसणंही बंद झालं.

आणि मग आईचं सुरू झालं. आठ-पंधरा दिवस जायचे, मध्येच भाजी निवडताना ती विचारायची, "फुटला का हो तारा?" बाबा पेपरामागून म्हणायचे, "अजून नाही. त्याला काय घाई आहे?" हळदीकुंकवाला बायका आल्या की आई सांगायची, आमच्या ह्यांचं तेल खाणीत ठेवलंय, तारा फुटला की त्याच्यात उजेड पडणार आहे. बायका "हो का!" म्हणून डाळ-पन्हं घ्यायच्या. बाबा बाहेरच्या खोलीत हे ऐकत बसायचे. मला वाटायचं, किती छळायचं एखाद्यानं एखाद्याला, आणि तेही अजाणतेपणी! मी दात-ओठ खाऊन मूग गिळून बसायचे.

एकदा मात्र राहवलं नाही. बाबांना म्हटलं, "सांगून टाका ना एकदाचं. रोज मेल्यासारखं कशाला बसता?"

ते म्हणाले, "काय सांगू? तिनं एकदाच माझ्या कामाला हात लावला, आणि तो असा लागला, हे सांगू? उरलेलं आयुष्य ती हळदीचा डबा उघडताना काय करेल?"

नव्वदनंतर कारखान्याची रया गेली. बाबांची छाती आधीच भरलेली असायची, ती आता शिट्टी वाजवायला लागली. त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि आम्ही बदलापूरला, खरवईला नव्या इमारतीत राहायला गेलो. तिथली हवा चांगली म्हणून. चांगली होतीच, पण ती ओढून घ्यायला छाती राहिली नव्हती. ते दिवसभर खिडकीशी बसून डोंगर बघायचे. मी उल्हासनगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. संध्याकाळी घरी यावं तर तेच. आई तांदूळ निवडतेय आणि विचारतेय, "फुटला का हो?" आणि बाबा दोन वाक्यांच्या मध्ये श्वास जमवत सांगताहेत, "फुटेल. जवळचा एक आहे, म्हातारा झालाय." शेवटी दवाखान्यातही तिनं विचारलं. नळी लावलेली होती, बोलता येत नव्हतं. त्यांनी हात वर केला आणि थांब, अशी खूण केली.

ते गेले तेव्हा कुठलाच तारा फुटला नव्हता.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. चामटोलीकडची एक ओळखीची बाई भेटायला आली होती, भाताच्या लावणीत अडकल्यामुळे तिला उशीर झाला होता. आई तिला सांगायला लागली, ह्यांचं तेल अजून खाणीत आहे, तारा फुटला की... आणि माझं डोकं फिरलं. ती बाई जाईपर्यंत कशीबशी थांबले. दार लावलं आणि म्हटलं, "आई, पुरे कर आता. ते तेल कधी गेलंच नाही. खराब झालं होतं. बाबा खोटं बोलत होते."

शपथ मोडली. कशामुळे खराब झालं, ते मात्र जिभेवर आलेलं असूनही मला बोलता येईना.

आई बाबांच्या खुर्चीवरची उशी झटकत होती. ती झटकत राहिली. मग म्हणाली, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"माझ्या अक्षतांनी नासलं ते. मित्र येऊन गेले त्याच आठवड्यात ह्यांचा शर्ट धुवायला काढला तर खिशात दाणे होते. खंडेनवमीला मीच हळद लावली होती त्या दाण्यांना, मला ओळखू येणार नाहीत?"

"मग इतकी वर्षं विचारत का होतीस? का छळलंस त्यांना?"

"छळलं नाही गं," आई म्हणाली. "पहिले काही दिवस मीही गप्पच होते. मग बघितलं, ते कोणाशी बोलेनात, जेवेनात. त्यांच्याकडे काहीच राहिलं नव्हतं, बाई. एवढंच राहिलं होतं, की त्यांनी मला कळू दिलं नाही. तेसुद्धा मी काढून घेऊ? मी विचारलं की उत्तर द्यायला तरी ते सरळ बसायचे, मान वर करायचे. तू बघितलं नाहीस कधी?"

मी बघितलं नव्हतं. मी पेपर बघितला होता, त्याच्यामागचा माणूस नाही.

आईनं उशी खुर्चीवर ठेवली, तिच्यावर हात फिरवला, आणि तेरा दिवसांत जी रडली नव्हती ती तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली. "एकदाच बोलावलं होतं गं त्यांनी मला," ती म्हणत होती. "अख्ख्या जन्मात एकदाच, ये म्हणाले."